खुळखुळणारा डबा

काकूंच्या घरात दोन ठेवी होत्या. एक बुवांची आणि एक काकूंची. दोन्ही एकाच लाकडी कपाटात, एकाच फळीवर, शेजारणींसारख्या खेटून बसलेल्या.

बुवांची ठेव म्हणजे अकरा वह्या. बुवा चाळीस वर्षं गाऊन प्रवचन करत आले होते. कथा सांगता सांगता ते अशा जागी पोचायचे की पुढे साधं बोलणं पुरेना. मग ते गायला लागत, आणि गात ते स्वतः रचलेलं पद. ती सगळी पदं या वह्यांत, शाईनं, त्यांच्याच तिरक्या अक्षरात. दुसरी प्रत कुठेच नाही. आजवर तिची गरज पडली नव्हती, कारण खरी प्रत बुवांच्या डोक्यात होती. पण गेल्या वर्षभरात त्या डोक्यातली पानं गळायला लागली होती. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणं वेगळं, ते बुवा तिशीतही करत. आता भर सभेत दुसऱ्या ओळीचा शेवट सापडेनासा व्हायचा, आणि बुवा हसून श्रोत्यांना सांगायचे, "हे तुम्ही घरी जाऊन पूर्ण करा." श्रोते खूश होऊन हसत. पहिल्या रांगेतल्या काकू तेवढ्या हसत नसत.

म्हणून ठरलं होतं की रविवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरीणबाई येणार. या दातांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, बुवांच्या एकुलत्या एक शिष्या. दर रविवारी एक वही उतरवून घ्यायची, अकरा रविवारांत काम फत्ते. बुवांच्या मागे ती पदं गाणारं कोणीतरी राहील, एवढीच काकूंची देवाकडे मागणी होती. बाकी देवानं सगळं दिलं होतं, आणि जे दिलं नव्हतं त्याची काकूंना फारशी आठवणही नव्हती.

आता काकूंची ठेव. तो होता बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा, एका कोपऱ्यात गंजून भोक पडलेला, आणि त्यात साठ-एक बॅटऱ्या.

त्याचं असं झालं. बुवांच्या कमरेला माईकची डबी असे, आणि तिला लागायची चौकोनी बॅटरी. जिची दोन्ही टोकं एकाच बाजूला, डोक्यावर दोन बटणं शिवल्यासारखी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सभेत कथा अगदी रंगात आली असताना ती बॅटरी संपली. बुवांचे ओठ हलतायत, हात वर गेलाय, डोळे भरून आलेत, आणि आवाजाचा पत्ता नाही. श्रोत्यांना वाटलं, बुवांचा कंठ दाटून आला. अख्खी सभा रडली. कार्यक्रम इतका गाजला की पुढच्या महिन्यात तीन बोलावणी आली. पण बुवा मनातून हादरले. तेव्हापासून त्यांचा नेम झाला: दर कार्यक्रमाला नवी कोरी बॅटरी. जुनी तासभर चाललेली असो नाहीतर दहा मिनिटं, ती बाद.

बाद म्हणजे बुवांच्या लेखी बाद. काकूंच्या घरात असं काही बाद होत नसे. "अजून जीव आहे हो तिच्यात," असं म्हणत काकू ती बॅटरी उचलत, दोन्ही बटणं जिभेच्या शेंड्याला लावत, आणि चुणचुण किती होते त्यावरून तिची प्रत ठरवत. झणझणीत, बरी आणि बिचारी, अशा तीन प्रती होत्या. तिन्ही डब्यातच जात. त्या आकाराची बॅटरी लागणारी दुसरी एकही वस्तू घरात नव्हती, ही गोष्ट वेगळी. लागेल कधीतरी.

शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई कामावरून आली तेव्हा काकू ओट्याशी उभ्या राहून जीभ बाहेर काढून नेमकं हेच करत होत्या.

"आई!"

काकूंनी जीभ आत घेतली. "अगं, बघत होते फक्त. झणझणीत आहे. टाकवत नाही बघ."

"लहान मुलानं केलं असतं तर तुम्ही धपाटा घातला असता."

"लहान मुलाला कळतं का प्रत?"

सूनबाईनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती कचरा वेगळा करणाऱ्या केंद्रावर देखरेखीला होती. फिरत्या पट्ट्यावरून शहरभराचा कचरा तिच्या डोळ्यांसमोरून जायचा, आणि कोणत्या घरात काय चाललंय हे तिला त्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत असे. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. त्यामुळे घरात तिचं आणि सासूचं गूळपीठ जमलं होतं, आणि गूळपीठ जमलेल्या माणसांत होतात तशी भांडणंही.

"गेल्या आठवड्यात काय झालं सांगू? पट्ट्यावर एक खेळण्यातली मोटार आली. आत बॅटरी तशीच. दाबाच्या यंत्रात गेली आणि फाट्कन आवाज झाला. कागदाच्या ढिगानं पेट घेतला. माझ्या हाताखालच्या दोन बायका शेजारी उभ्या होत्या, आई. एकीच्या भुवया गेल्या."

"अगंबाई! मग?"

"मग काय, आता पेन्सिलीनं काढते. रोज वेगळ्या येतात. सोमवारी आश्चर्यचकित दिसत होती, मंगळवारी रागावलेली."

काकू हसल्या, पण डब्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"म्हणून सांगते, हा डबा मला द्या. आमच्याकडे बॅटऱ्यांचं वेगळं पिंप आहे, तिथून त्या नीट मोडायला जातात. कचऱ्यात टाकायच्या नाहीत आणि घरात असा ढीगही ठेवायचा नाही. ही बघा दोन बटणं. त्यांना एखादी किल्ली, टाचणी, काहीही धातूचं एकदम दोन्हीकडे टेकलं, की हिच्यातला उरलेला सगळा जीव त्यातून धावत सुटतो. तापते, ठिणगी पडते. तुमची ती 'झणझणीत' सगळ्यात वाईट."

"मेलेल्या बॅटरीला एवढा ताठा?"

"मेलेली कुठे आहे? तुम्हीच म्हणता ना, जीव आहे म्हणून!"

सूनबाईनं पिशवीतून चिकटपट्टीचं नवं भेंडोळं काढून त्यांच्या हातात दिलं. "प्रत्येकीच्या बटणांवर एक तुकडा चिकटवायचा. साठ बॅटऱ्या, साठ तुकडे. सोमवारी मी घेऊन जाते."

"करते," काकू म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच करायचं होतं.

पण शनिवारी ते भेंडोळं बुवांच्या नजरेला पडलं. डॉक्टरीणबाईंसमोर मांडायच्या म्हणून बुवांनी वह्या काढल्या होत्या, आणि बघतात तर निम्म्या वह्यांच्या पाठी उसवलेल्या. बुवांनी दुपारभर जमिनीवर मांडी घालून अकराही वह्यांच्या पाठीला चिकटपट्टी लावली. बुवांचा हात सढळ. जिथे एक पट्टी पुरेल तिथे तीन. संध्याकाळी काकूंच्या हातात आलं ते पुठ्ठ्याचं रिकामं कडं.

"अहो, हे बॅटऱ्यांसाठी होतं!"

"बॅटऱ्यांना काय करायचीय पट्टी? त्या कुठे उसवल्यात?"

काकूंनी कडं खिडकीत ठेवलं. एवढी वर्षं डबा तिथेच आहे, एका दिवसानं काय होतंय, असं त्या मनाशी म्हणाल्या. आपण सगळेच म्हणतो.

रविवारी सकाळी बुवा रियाजाला बसले. बसले म्हणजे उभे राहिले. उभं राहून, डाव्या पायानं ठेका धरल्याशिवाय त्यांना गाता येत नसे. जमीन लाकडी फळ्यांची. पाय पडला की फळी हले, फळी हलली की कपाट हले, आणि कपाट हललं की आतला डबा खुळखुळे.

"अगं ए!"

काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"तुझा डबा बेसूर आहे."

"डबा कधी सुरात असतो का?"

"असतो. मागच्या वर्षी असायचा. आता तू त्यात भर घातलीस आणि तो अर्धा सूर चढलाय. मी खाली, तो वर. डॉक्टर येतील, त्यांना वाटेल मीच घसरलो."

बुवांच्या आठवणीचं काहीही होवो, कान मात्र शाबूत होता. काकूंनी डबा बाहेर काढला, हलवून पाहिला. खरंच खुळखुळत होता. त्यांनी आजूबाजूला बघितलं. कापूस नव्हता. कागद कोंबला तर तोही कुरकुरेल, आणि बुवा म्हणतील आता डबा दमेकरी झाला. ओट्यावर कालच आणलेलं घासणीचं पाकीट होतं. तवा घासायची, केसांसारख्या बारीक लोखंडी तारेची, हाताला मऊ लागणारी घासणी. काकूंनी तिचे दोन गोळे मोकळे केले आणि बॅटऱ्यांच्या वर छान अंथरले. झाकण दाबलं. हलवला. चूं नाही की चां नाही. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी डबा एका जुन्या सुती ओढणीत गुंडाळला आणि कपाटात, बुवांनी परत रचलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यावर, ठेवून दिला.

धातूचं काहीही, असं सूनबाई म्हणाली होती. पण काकूंच्या मनात धातू म्हणजे किल्ली, धातू म्हणजे टाचणी. घासणी ही घासणी.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. बुवांनी मन लावून ठेका धरला. धप, धप, धप. फळी हलत होती, कपाट हलत होतं, आणि डब्याच्या आत एकेक बॅटरी मुंगीच्या पावलानं सरकत, डोकं वर काढत, त्या मऊ तारेला टेकत होती. एखादी बिचारी टेकली, काही झालं नाही. एखादी बरी टेकली, तार जरा कोमट झाली. मग टेकली झणझणीत.

काकू पाट्यावर वाटण वाटत होत्या. आधी त्यांच्या नाकाला काहीतरी लागलं. तापलेल्या इस्त्रीखाली कापड विसरल्यासारखं. त्यांनी इस्त्री पाहिली, बंद. गॅस पाहिला, बंद. वास बाहेरच्या खोलीतून येत होता. बुवा डोळे मिटून वरच्या सुरात रंगले होते, आणि त्यांच्या पाठीमागे कपाटाच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ निघून अगदी त्यांच्या तानेसारखी वळणं घेत वर चालली होती.

काकू कपाटाकडे धावल्या. "वह्या!"

दार उघडलं तर ओढणी तपकिरी पडलेली, डब्याच्या गंजक्या भोकातून लाल ठिणग्या टपटपतायत, आणि त्या पडतायत कुठे, तर वरच्या वहीवर. काकूंनी हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. डबा तापून तवा झाला होता. देव कोणत्या रूपात धावून येईल याचा नेम नाही. त्या सकाळी तो सांडशीच्या रूपात आला. काकू धावत गेल्या, सांडशी घेऊन आल्या, आणि डब्याची कड पकडून ओढणीसकट उचलून गॅलरीत पळाल्या. डबा फरशीवर आदळला. झाकण उडालं. आत तारेचा गोळा फटाक्याच्या वातीसारखा लाललाल होत चालला होता.

पाणी? गॅलरीतला पाण्याचा तांब्या हातात आला होता, पण विजेची वस्तू आणि पाणी या विचारानंच त्यांचा हात थबकला. मग त्यांनी कोपऱ्यातली कोरफडीची कुंडी उचलली आणि सरळ डब्यावर उलटी केली. आठ दिवस पाणी घालायचं राहिलं होतं, त्यामुळे माती कोरडी ठणठणीत. भस्सकन सगळी डब्यावर पडली. धुरानं एकदा हुंकार दिला आणि तो गप्प झाला. पाण्याचा तांब्या मग काकूंनी ओढणीवर रिकामा केला.

कोरफड बाजूला मुळं वर करून पडली होती.

आतून बुवांचा आवाज आला, "वा! आता डबा अगदी सुरात आहे!" त्यांनी डोळे उघडलेच नव्हते.

काकू परत आत आल्या. वरची वही उचलली. मुखपृष्ठ काळवंडलेलं, आणि उजवीकडचा कोपरा आरपार जळून गेलेला. पानं चाळली तर प्रत्येक पानावर तोच कोपरा नाही. खालच्या दहा वह्यांना धक्काही नव्हता. ठिणगी झेलायची ती याच वहीनं झेलली होती.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

खोटं कशाला बोला, काकूंच्या मनात आलं ते काही फार भूषणावह नव्हतं. त्यांनी ती वही गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. दर रविवारी एक वही. तळापर्यंत पोचायला अकरा आठवडे. तोवर सुचेल काहीतरी. उंदीर म्हणता येईल. चहा सांडला म्हणता येईल.

दारात डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांच्या मागे भाजी घेऊन आलेली सूनबाई. सूनबाईनं उंबऱ्यातच नाक वर केलं.

"काय जळलं?"

"फोडणी," काकू म्हणाल्या.

"फोडणीला लोखंडाचा वास येत नाही, आई." ती सरळ गॅलरीत गेली. उलटी कुंडी पाहिली, मातीखालचा डबा पाहिला. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि काकूंकडे नुसती बघत राहिली. काकू गठ्ठ्यासमोर उभ्या होत्या, अंगानं झाकून.

"बरं, काढा वह्या," बुवा डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "सुरुवात सातवीपासून करू. त्यातली पदं मला सगळ्यात आधी सोडून चाललीयत."

सातवी. काकूंना वहीचा आकडा बघायची गरज नव्हती. काळवंडली तरी पाठीवरची तिहेरी चिकटपट्टी आणि तिच्यावरचा बुवांचा मोठा सात त्यांनी तळाशी सरकवताना पाहिला होता.

काकूंनी पदर सारखा केला. वही तळातून काढली आणि बुवांच्या मांडीवर ठेवली. "मी जाळली," त्या म्हणाल्या. "उंदीर सांगणार होते. डबा खुळखुळू नये म्हणून त्यात तारेची घासणी कोंबली, आणि वर तुमच्याच वह्यांवर ठेवला. ही सांगत होती पट्टी लावा, पट्टी लावा. पट्टी तुम्ही संपवलीत, पण गप्प मी बसले. काय बोलायचं ते बोला."

बुवांनी वही उघडली. बोट हळूहळू कोपऱ्याच्या काळ्या कडेवरून फिरवलं. प्रत्येक ओळ तिथवर येऊन थांबत होती.

"दार लाविले मी, खिडकी मिटली," त्यांनी वाचलं. "तरी कोठुनी ही पहाट..." ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. "पहाट उठली? पहाट आली?" त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बुवा एकदम म्हातारे दिसायला लागले.

"शिरली," काकू म्हणाल्या.

"काय?"

"पहाट शिरली. तुमची पहाट कधी उठत नाही हो, चोरासारखी शिरते. या ओळीला तुम्ही नेहमी डावा हात असा आत घेता."

बुवांनी डावा हात आत घेतला. तो आपोआपच गेला. "शिरली," ते पुटपुटले. मग घाईघाईनं पान उलटलं, परीक्षा घेतल्यासारखं. "हात रिते माझे, घागर फुटकी. तुझ्या दारी मात्र नाही मी..."

"परकी."

"आणि हे? यात तर अर्धी ओळच गेलीय."

काकूंनी ती ओळ सांगितली. सांगितली नाही, गायली. हळू, घशातल्या घशात, संकोचून, पण बुवांच्याच चालीत, जिथे ते दम घेतात तिथेच दम घेत. चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून त्या काय करत होत्या असं तुम्हाला वाटलं? त्यांनाही आजवर वाटत होतं की त्या नुसत्या बॅटऱ्या मोजत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी हळूच आपल्या वहीचं कोरं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि खुर्ची बुवांकडून काकूंकडे वळवली.

"काकू, पुन्हा पहिल्यापासून. सावकाश."

"अहो मी काय, मला काय येतंय..."

"येतंय," बुवा म्हणाले. त्यांचा कंठ दाटला होता, आणि या वेळी बॅटरीचा दोष नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी घसा साफ केला. "डबा बेसूर आहे असं मी म्हणालो नसतो तर हे झालं नसतं. निम्मी वही माझ्या नावावर जळली असं धरा."

"वाटण्या नंतर करा," सूनबाई म्हणाली. "आधी बाबा, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि चिकटपट्टी आणा. दोन भेंडोळी. एक बॅटऱ्यांचं, एक तुमच्या उधळपट्टीचं. डब्याला आज कोणी हात लावायचा नाही. तो मातीत, गॅलरीतच थंड होऊ दे. आणि आई..."

"बोल. बोल काय बोलायचं ते."

"माती कोरडी होती हे तुमचं नशीब. कुंडी उलटी केलीत ते मात्र आमच्या बायकांनाही सुचलं नसतं."

काकूंना यापेक्षा मोठं बक्षीस नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीतून निघालेल्या बॅटऱ्या वर्तमानपत्रावर मांडल्या गेल्या. सूनबाईनं हातमोजे घालून फुगलेल्या आणि काळ्या पडलेल्या वेगळ्या काढल्या, आणि त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. बाकीच्यांना बुवा पट्टीचे तुकडे कापून देत होते, काकू चिकटवत होत्या, आणि चिकटवता चिकटवता आठव्या वहीतलं एक पद म्हणत होत्या. आठवी वही धड होती, त्यांना म्हणायची काही गरज नव्हती. पण आता थांबवणार कोण? एका जागी बुवांनी कात्री थांबवून विचारलं, "इथे मी असं घेतो?"

"तुम्ही नाही घेत. मी घेते. बरं लागतं."

बुवांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं आणि पुढचा तुकडा कापला. गॅलरीत कोरफड नव्या मातीत जरा तिरकीच उभी होती.

शेवटची बॅटरी हातात आली तेव्हा काकूंनी तिच्या बटणांवर पट्टी नीट दाबली, नखानं कडा बसवल्या, आणि सवयीनं, अगदी सवयीनंच, ती तोंडाकडे नेली.

"आई!"

जिभेला पट्टी लागली. काकूंनी चव घेतली, क्षणभर विचार केला आणि बॅटरी पिशवीत टाकली.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."